आठ सोनेरी, एक काळा

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण परवा माझ्या निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी म्हणालं, 'सर कधी खोटं बोलले नाहीत' — आणि मी हात जोडून, हसून ते ऐकून घेतलं. माझ्याच त्या जोडलेल्या हातांचा अजून संताप येतोय.

सरगूरहून म्हैसूरला शिकायला आलो तेव्हा आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. तुळसाक्का नात्यानं माझी लांबची मावशी. एका खाजगी शाळेत आया होती. सगळी शाळा तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही. तिच्या घरी मी तीन वर्षं जेवलो. प्राणिशास्त्राची पदवी मिळाली, तेव्हा तिनंच मोठ्या बाईंना सांगून मला त्या शाळेत शिक्षक म्हणून लावलं. "आमचा पोरगा डिग्री झालाय, अप्पा!" — गेटवरच्या भाजीवाल्यालासुद्धा सांगायची; अप्पा ती सगळ्यांनाच म्हणायची.

मग मोठ्या बाईंनी शाळेच्या दारातल्या हॉलमध्ये फिश टँक आणला. वास्तुवाल्यानं सांगितलं होतं, आठ मासे सोनेरी आणि एक काळा. टाकी केवढी? दीड फुटाची! मासे निवडायला पाठवलं मला — प्राणिशास्त्रवाला ना मी.

दुकानदार लुंगीतला, शाळेचं तोंड फारसं न पाहिलेला. टाकीचं माप ऐकलं आणि म्हणाला, "बेडा सर, नको. एवढ्यात नऊ गोल्डफिश? हे वीतभर वाढतात, घाणही फार करतात. एकालासुद्धा ती टाकी लहान. गप्पी न्या पाच-सहा, सुखात राहतील." बोटं ताणून त्यानं वीतही दाखवली.

त्याचं बरोबर होतं. मला ते कळत होतं का? — कळत होतं. पण नोकरीला चार महिने झालेले, बाईंपुढे जाऊन 'नऊ नकोत' कोण म्हणणार? आणि हा लुंगीवाला मला शिकवणार? "मी झूऑलॉजीचा आहे," म्हणालो. त्यानं जाळी उचलली. नऊ मासे पिशवीत बांधून दिले.

खायला घालायचं काम अक्काकडे. चिमटीत किती दाणे घ्यायचे ते मीच दाखवलं होतं. ती तेवढेच घालायची, एक दाणा इकडचा तिकडे नाही. आलेल्या पालकांना थांबवून सांगायची, "आमच्या सरांनी निवडलेत."

आठवड्याभरात मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. मग एकेक उलटा होत गेला. काळा सगळ्यांत शेवटी. बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला विचारलं, हे कसं झालं?

मी कडेकडेनंच जातोय ना अजून? — सांगतो. मी म्हणालो, "खाणं जास्त पडलं असावं."

एवढंच. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज तरी काय होती? घालणारी एकच तर होती, आणि ती तिथंच दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी. बाई उसळल्या — "अडाण्याच्या हाती दिलं की हेच होणार!" अडाणी! जिच्या हातचं खाऊन मी पदवीधर झालो, ती अडाणी! आणि मी काय केलं? मान हलवली.

तिला हॉलमधून काढून संडास-बाथरूमच्या कामाला लावलं. तरी ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन मलाच म्हणाली, "पडलंच असेल की रे जास्त. तू शिकलेला, तुला कळतंय. नऊ जीव गेले बघ माझ्या हातनं."

तिनं माझं खरं मानलं! दुकानदाराचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी तिनं वाढलेला भात कालवत राहिलो.

पुढे माझी मुलगी झाली. एकदा भाताची वाटी अक्काच्या हातात देऊन म्हटलं, भरव तिला. अक्कानं वाटी परत केली. "तूच भरव, अप्पा. माझ्या हाताला अंदाज नाही."

मी वाटी घेतली. मुलीला भरवलं. त्यानंतरही कितीतरी वर्षं ती आमच्याकडे येत राहिली, आणि शेवटी तेच मनात धरून देवाघरी गेली.

तिच्या हाताला अंदाज होता. टाकी लहान होती. मला माहीत होतं.