वेल्डिंग मारलेला एक्सल

ट्रकचा मागचा एक्सल नवा टाकलाय, असं मालकानं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. कडा गावच्या साखर कारखान्याला ऊस नेताना चढावर तो कडकन तुटला. ट्रक मागं सरकू लागला. मी ब्रेक दाबून धरला, पण उसावर बसलेल्या तोडणीवाल्या मावशींनी भिऊन उडी मारली. त्यांचा पाय मोडला.

मालक जीपनं आला. "ऊस वाळंल बे, दुसरा ट्रक बोलाव."

माझं डोकंच फिरलं. "आधी मावशीला दवाखान्यात न्यायचं हाय!" त्याच्याच जीपमधून मी त्यांना नेलं.

परत आलो तेव्हा मिस्त्रीनं एक्सल बाहेर काढला होता. तो जुनाच होता, वेल्डिंग मारून बसवलेला.

"सगळेच मारतात," मालक म्हणाला.

मी ट्रकची चावी त्याच्या अंगावर फेकली. मावशी अजून लंगडतात. तो दिसला की माझ्या मुठी आजही आवळतात.