कोऱ्या पानावरची सही

आमच्या गावात ग्रामसभा भरत नाही, ती फिरते. शिपाई हजेरीचं रजिस्टर काखोटीला मारून दारोदार जातो, चहा घेतो, सह्या घेतो आणि दुपारपर्यंत सभा ‘झालेली’ असते. आमचं गाव शेलूच्या अलीकडे. कुणी खोपोलीला कारखान्यात, कुणी मुंबईला. सभेला वेळ कुणाकडे आहे? म्हणून ही सोय. सोय! हा शब्द ऐकला तरी आता माझं डोकं फिरतं.

मी शाळेत मास्तर. वस्तीतला पहिला पदवीधर, सगळ्यांचे अर्ज मीच लिहून देतो. शिपाईही आमच्याच वस्तीतला. “करा गुरुजी, कोरम पुरा व्हायचाय,” म्हणाला की ओट्यावर उभ्या उभ्या मी कोऱ्या पानाखाली सही ठोकायचो. घरच्या माणसाला विचारायचं काय?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बौद्धवस्तीच्या स्मशानात बुलडोझर आला. मागे टॉवर उभे राहतायत, त्यांना रुंद रस्ता हवा होता. बाबांना अग्नी दिला ती जागा त्या रस्त्यात गेली. आपल्यालाही तिथेच न्यावं, एवढंच आईचं मागणं होतं. मी तडक सरपंचाकडे गेलो.

“गावानंच ठराव दिलाय गुरुजी. मी कोन नाय म्हननारा?” गाडीत बसता बसता तो म्हणाला. वर हसला, काच वर घेतली आणि निघून गेला. त्या हसण्याची मला चीड आहे. सरपंचापासून थेट मंत्र्यापर्यंत सगळे हल्ली तसंच हसतात, आणि आम्ही निर्लज्जासारखे त्यांच्या गळ्यात हार घालतो.

दुसऱ्या दिवशी कर्जतला पंचायत समितीत जाऊन अर्ज दिला: सभा झालेली नाही, ठराव खोटा आहे. तिथल्या साहेबांनी ठरावाची नक्कल माझ्यापुढे सरकवली. स्मशानाची जागा वापरात नाही, रस्त्यासाठी देण्यास ग्रामस्थांची हरकत नाही. खाली चौथी सही माझी.

“ही तुमचीच ना?”

“हो.”

“म्हणजे सभेला होतात.”

“नव्हतो. सभाच झाली नाही. आणि सही माझीच आहे. दोन्ही लिहून घ्या.”

त्यांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. “न झालेल्या सभेला सही केलीत, असं लेखी देताय? नोकरीचं बघा, गुरुजी.” मी लेखी दिलं. पोच घेतली आणि निघालो.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिला अक्षर येत नाही.

“तू सही करून गेलास, मंग माझ्याकडं बी आलता तो शिपाई, आंगठा मागाया,” ती म्हणाली. “मी म्हनलं, वर काय लिवलंय ते आदी वाच. तो म्हनं, अजून लिवलंच नाय. मंग आंगठा बी नाय, म्हनलं.”

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?” मी ओरडलो. त्या म्हातारीवर ओरडलो, सरपंचासमोर ज्याचा आवाज फुटला नव्हता तो मी.

“तू शिकल्याला. तुला मी काय सांगू रं?”

तिने पदर सावरला. मग म्हणाली, “आता मला कुठं नेशील?”