पाणी पोचवून आलेला पायलट

ही गोष्ट बायको सांगायची. मागच्या उन्हाळ्यात ती नांदेडच्या दवाखान्यात वारली. आता कोणी विचारलं तर मी म्हणतो, "लंकेत गोळी लागली, हेलिकॉप्टरनं आणलं, वाचलो." लोक चहा पितात आणि उठतात. तिच्या तोंडून हीच गोष्ट तासभर चालायची. म्हणून लिहून ठेवतो. माझी शाळा सातवीपर्यंतची, तेवढी चालवून घ्या.

तेव्हा लातूर नवा जिल्हा झाला होता. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून झाल्या, विहिरी कोरड्याच. अहमदपूरकडच्या आमच्या गावात टँकर यायचा, आणि मी फौजेबरोबर श्रीलंकेत होतो. बायको पत्र लिहायची. त्यात माझी ख्यालीखुशाली एका ओळीत, बाकी सगळा टँकर. कोणी घागर पुढं सरकवली, कोणी कोणाच्या झिंज्या ओढल्या. शेवटी एकच, "तिकडं पाणी हाय ना?"

तिकडं पाणी लई होतं. पण त्या दिवशी आमची तुकडी एका शाळेत अडकली होती. समोरच्या नारळाच्या बागेतून गोळ्या येत होत्या आणि विहीर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. तुकडीतल्या पोरांच्या घशाला कोरड पडलेली. कॅन घेऊन मी निघालो. जाताना काही झालं नाही. भरून परत निघालो तर मांडीत गोळी बसली. कॅनला लागली नाही.

सरपटत विहिरीच्या कठड्याआड आलो. तिथं आधीचे दोन जखमी पडलेले. एक देगलूरकडचा. कळ आली की तेलुगूत शिव्या द्यायचा, कळ गेली की मराठीत. दुसऱ्याच्या पोटात गोळी होती, तो बोलतच नव्हता. लवकर हलवला नाही तर तो जातो, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

हेलिकॉप्टर आलं ते लहानसं. उतरायला लागलं तशा त्याच्या पत्र्यावर गोळ्या वाजल्या, गारा पडाव्यात तशा. ते तसंच वर गेलं.

"गेला," देगलूरवाला म्हणाला. "आता कशाला येतो? येडा हाय का?"

येडाच निघाला. बागेला वळसा घालून, झाडांच्या शेंड्यांना घासत आला आणि विहिरीच्या बाजूला बसला. आत दोन पायलट साहेब. एकानं यंत्र चालू ठेवलं, दुसरा खाली उतरला. आम्हाला उचलायला दुसरं कोणी नव्हतंच. पोटातल्या गोळीवाल्याला त्यानं आधी आत ठेवला, मग देगलूरवाल्याला, मग मला.

"जगह दो की है, तीन जा रहे हैं," तो म्हणाला. "बूट, पट्टा, जो है सब फेंको."

सगळं फेकलं. कॅन माझ्या पोटाशी होता.

"ये भी."

"साब, पानी है."

"दिख रहा है. फेंक."

"भरा हुआ है साब. हमारे तरफ पानी फेकते नहीं."

"अरे टाक की बे!" देगलूरवाला ओरडला. "मरून राहिलो हितं आन् ह्याला पाण्याचं पडलंय!"

मी शाळेकडं बोट केलं. "उनका है साब. सबेरे से प्यासे हैं."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत देतो. त्यानं कॅन हिसकावला आणि शाळेकडं पळत सुटला.

मैदान मोकळं. त्याच्या मागं-पुढं माती उडत होती. आतला साहेब वर बघून काहीतरी पुटपुटला. शाळेच्या खिडकीतून हात आले, कॅन आत गेला. हा तसाच पळत माघारी आला, आपल्या जागेवर बसला आणि मान वळवून मला म्हणाला, "अब चलें?"

"हाव साब," मी म्हणालो.

हेलिकॉप्टर उचललं, बसलं, परत उचललं. खाली झाडाचा पाला कापत गेलो.

दवाखान्याच्या मैदानात उतरलो तेव्हा दिसलं, साहेबाची डावी बाही लाल झाली होती. जाताना लागली की येताना, त्यानं सांगितलं नाही. त्याला एका दारानं नेलं, आम्हाला दुसऱ्या. पोटात गोळी लागलेला वाचला. साहेबाचं काय झालं ते कळलं नाही. छातीवर नावाची पट्टी होती, पण मी कॅनकडं बघत होतो.

सुट्टीवर घरी आलो, बायकोला सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"एका कॅनपायी माणूस गोळ्यात धाडला?"

"मी न्हाई धाडला. तो गेला."

"आन् नाव इचारलं न्हाई?"

"मांडीत गोळी होती माझ्या."

"तोंडात तर नव्हती ना?"

मग गोष्ट तिची झाली. टँकरच्या रांगेत तिनं ती इतकी सांगितली की कॅनची घागर झाली, पुढं दोन घागरी. साहेब आमच्याच जिल्ह्यातल्या देवणीकडचा असणार, असंही तिनं ठरवून टाकलं. पाण्याचं दुखणं दुसऱ्या कोणाला कळणार?

रोज संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून वंदना झाली की ती म्हणायची, "त्यो साहेब सुखी राहो." एकदा मी म्हणालो, "तो मेला असंल तर?"

"मला कोणी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "तवर जिता."

ती गेल्यावर जलदानाचा विधी झाला. भंतेजींनी विचारलं, पाणी ओतून पुण्य कोणाकोणाच्या नावानं द्यायचं? तिचं नाव सांगितलं, आईबापाचं सांगितलं. थोरला लेक कानाशी आला. "बाबा, त्या पायलटसाठी पण म्हणायचं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "हे मेलेल्यांचं असतं."

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी मीच मेणबत्ती लावली. वंदना अर्ध्यात विसरलो. साहेबाचं तेवढं म्हटलं.