तीन म्हणणारे भाऊ

काहीही संपलं की भाऊ डाव्या तळव्यावर उजवी मूठ आपटून म्हणायचे, "तीन! दिला!" चहा संपला, तीन. भांडण संपलं, तीन. सक्करदऱ्यात ते आमच्या शेजारी राहायचे. त्याआधी कितीतरी वर्षं फळबाजारात अडत्याकडे संत्र्याच्या हर्रासीत, म्हणजे लिलावात, बोली पुकारायचे; एक, दोन, आणि तीनला माल दिला. मी तेव्हा टोपलं घेऊन दारोदार संत्री विकायची आणि माझा ढीग त्यांच्याच पुकाऱ्यावर घ्यायची.

म्हातारपणी सुनेनं त्यांच्या मोबाइलमध्ये ऑनलाइन हर्रास टाकून दिली. मला ती अजून समजलेली नाही, तुम्हाला समजली तर बघा. बोली लावायच्या आधी बोल्याच विकत घ्यायच्या. एक बोली दाबली की वस्तूचा भाव जरासा वाढतो आणि घड्याळ पुन्हा दहा सेकंदांवर जातं. दहा सेकंद कोणीच दाबलं नाही तर शेवटी दाबणाऱ्याला वस्तू मिळते. बाकीच्यांच्या बोल्या गेल्या. मग ही हर्रास कशी? आमच्या बाजारात हरलेला माणूस खिसा तसाच घेऊन घरी जायचा.

भाऊही चक्रावलेलेच असायचे. "हे तीन म्हणतच नाही वं," ते म्हणायचे. "दोनावर आलं का पुन्हा एक!"

त्यांना कूलर हवा होता. जुन्याचा पत्रा गंजला होता, पाणी खोलीभर व्हायचं, आणि वहिनी अंथरुणावर. हुडकेश्वरला राहणारा त्यांचा मुलगा नवीन आणून द्यायला तयार होता.

"पोराले मागून आणलेल्या हवेनं तिले झोप येईन का?" भाऊ म्हणाले.

"येईन. हवेले काय समजते ते कोणाची हाये!" मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही.

पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. भाऊंना त्यात माणसं दिसायची. "हा उतावळा. घड्याळ भरलेलं हाये अन् दाबून राहिला. हा दांडगा, दुसऱ्यानं भिऊन पळावं म्हणून दणादण दाबते. हा पाहुणा, एकदा हात लावून जाते. अन् हे मांजर. गप बसते, शेवटल्या सेकंदाले झडप."

"अन् हा? दिवसभर दाबून राहिला, याले जेवणखाण नाही का?"

"तो झोपला असन घरी. मशीनले सांगून ठेवलं, ते दाबते."

मी बघत बसायची. मला सगळे सारखेच दिसायचे.

मे महिन्यात एका दुपारी मोबाइलच्या हर्रासीत कूलर निघाला. भाऊंजवळ थोड्याच बोल्या उरल्या होत्या आणि आणखी घेणार नाही, असं ते वहिनींना सांगून बसले होते. उतावळा गेला, दांडगा गेला, मांजरही कंटाळलं. राहिले भाऊ आणि आणखी एक कोणीतरी. ते कोणीतरी कधी लगेच दाबायचं, कधी थांबून. हात पुढे करावा, मागे घ्यावा, पुन्हा पुढे करावा, तसं.

घड्याळ उतरत होतं. भाऊंचं बोट काचेवर येऊन थांबलं.

"दाबा ना, भाऊ!" मी ओरडले.

आतून वहिनींचा आवाज आला, "झाला का आपला?"

भाऊंनी मोबाइल मांडीवर ठेवला, मूठ तळव्यावर आपटली. "तीन. दिला."

मला राग आला. "काहून सोडला? वहिनी आतमधी शिजून राहिली!"

"ते बाई होती वं."

"तुमाले काय माहीत? नाव तरी हाये का तिथं?"

"थांबून थांबून बोलत होती. पदरात हाये तेवढंच हाये, तशी. तू नव्हती का बोलत? तुह्यासाठी मी दोन अन् तीन एका दमात म्हणत होतो, दलालानं तोंड उघडायच्या आत."

इतकी वर्षं माझी समजूत, की माझं ते थांबणं म्हणजे माझी हुशारी. दलाल कंटाळतात आणि ढीग मला मिळतो. घरीदारी सांगायची, बाजारात माझ्यासारखी घेणारी नाही. आता कोणता ढीग मी जिंकला आणि कोणता त्यांनी दिला, कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी मी विचारलंच, "सगळेच ढीग का, भाऊ?"

"काय सगळेच?" ते म्हणाले. विसरले होते की तसं दाखवत होते, तेही मला कळलं नाही. आणि पलीकडे बाई होती, दुकानदार होता की मशीन, तेही नाही.

कूलर शेवटी मुलानंच आणला. वहिनी त्या रात्री झोपल्या. "समजलं का हवेले?" मी भाऊंना विचारलं. ते हसले, पण तीन म्हणाले नाहीत.

पावसाळा संपला तसं मुलानं दोघांनाही हुडकेश्वरला नेलं. भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते टेम्पोत, सामानाच्या मागे, त्याच कूलरला टेकून बसलेले.

"कधी येसान, भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी डावा तळवा पुढे धरला. "एक," म्हणाले. मग, "दोन." मूठ वर उचलली आणि माझ्याकडे बघत तशीच धरून ठेवली. टेम्पो तलावाकडे वळला, तोवर ती खाली आली नव्हती.