विंगेतून पाहिलेली पाठ

मला माणूस ओळखायला चेहरा लागत नाही. हे मी फुशारकीने सांगते आणि सांगणारच. नोकरी सांभाळून मी वर्षानुवर्षं एका हौशी मंडळाच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत स्टूल टाकायचं, मांडीवर संहिता घ्यायची आणि नट अडखळला की हळूच पुढचा शब्द द्यायचा. नटांचे चेहरे प्रेक्षकांसाठी असतात. माझ्या वाट्याला यायचे कान, माना, पाठी आणि टाचा.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ त्याच मंडळातले. दिवसा मार्केट यार्डात आडत्याकडे नोकरी, संध्याकाळी कसबा पेठेतल्या एका शाळेत तालीम. विंगेत येऊन उभे राहिले की कांद्याचा वास यायचा. भूमिका ठरलेल्या: भटजी, मामा, नाहीतर पोस्टमन. वाक्य बोलायच्या आधी त्यांची उजवी टाच अलगद उचलली जायची. टाच उचलली की मी निश्चिंत असायचे, कारण वाक्य नक्की येणार.

यंदा, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांना सिनेमात काम मिळालं. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी आली आणि रविवारी आम्ही सगळे थिएटरात हजर. लग्नाच्या प्रसंगात पागोटं घातलेला एक भटजी दिसला, आणि आमची अख्खी रांग ओरडली, "ते बघा, ते बघा!" भटजी म्हणजे आमचेच, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. बाहेर पडेपर्यंत ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला होता. गृहस्थ थिएटरच्या फाटकाशी उभे राहून नुसते हात जोडत होते.

डोळे आहेत की खाचा? त्या भटजीची मान मुळात त्यांची नव्हतीच. आमचे गृहस्थ पडद्यावर आले ते बऱ्याच वेळाने. सरकारी कचेरीत नायक तावातावाने खिडकीपाशी जातो, तिथे रांगेत एक पाठमोरा म्हातारा उभा असतो. त्याची उजवी टाच उचलली गेली, आणि तेवढ्यात प्रसंगच बदलला. अंधारात माझे ओठ आपोआप हलले. पण या वेळी मांडीवर संहिता नव्हती, पॉपकॉर्नचा डबा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलात. दुसऱ्या सिनेमासाठी फोन आला होता. नाही म्हणून कळवणार म्हणतायत. मलाही तो भटजी म्हणजे हेच वाटले हो. तसं मी बोलून गेले, तेव्हापासून हे गप्प आहेत."

आत ते पेपर घेऊन बसले होते. पान काही उलटत नव्हतं.

"या ताई," ते म्हणाले. "आवडला ना आमचा भटजी?"

"कुठला भटजी? तुम्ही कचेरीच्या रांगेत होतात. खिडकीपाशी, पाठमोरे."

त्यांनी पेपर खाली ठेवला.

"आणि तुम्हाला वाक्य होतं," मी म्हटलं. "टाच उचलली होतीत. मेल्यांनी कापलं."

ते चष्मा काढून पुसायला लागले, तो काही पुसून होईना. "चित्रीकरणाला पन्नास माणसांसमोर म्हटलं होतं वाक्य," ते म्हणाले, "मला वाटलं, ते कापल्यावर आता कुणालाच कळायचं नाही."

"मी बसले होते ना. काय होतं वाक्य?"

ते उठले. सवयीने माझ्याकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून उभे राहिले. दारात त्यांची बायको होती. उजवी टाच उचलली गेली.

"साहेब, मी सकाळपासून इथंच उभा आहे."

आवाज अगदी साधा होता. मी तो मागून ऐकला, नेहमीसारखा. त्यांच्या बायकोने मात्र समोरून बघितलं. टेबलावरचा फोन उचलून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला.

"लावा," त्या म्हणाल्या. "येतो म्हणून सांगा."