भोपाळच्या बाजूने

मुलींना विचार करायला शिकवायचं म्हणजे काय, हे मला आमच्या हेडमास्तरांना कधीच समजावता आलं नाही. त्यांच्या मते धडा पाठ झाला की पोर शहाणी. पोपट तरी काय वाईट मग! मी सातवीच्या वर्गाला एक नियम घालून दिला होता: ज्या मताचा राग येतो, त्याची बाजू आधी तीन कारणं देऊन मांडायची आणि मगच आपली.

मध्यप्रदेश नुकताच झाला होता. मध्यभारत होता तेव्हा निदान हिवाळ्यापुरती तरी राजधानी ग्वाल्हेरला असायची. आता तीही भोपाळला गेली. ग्वाल्हेरचा आमचा लश्कर भाग तर सगळा चिडलेला. म्हणून मी वर्गात तोच विषय दिला. नया बाजारातली एक मुलगी भोपाळच्या बाजूने उभी राहिली. नवं राज्य केवढं पसरलेलं, भोपाळ त्याच्या मधोमध, आणि ग्वाल्हेर-इंदूरचं जुनं भांडणही त्यामुळे मिटतं. ती इतकं नेटकं बोलली की मी खुर्चीतून उठले.

हेच ती रात्री जेवताना घरी बोलली. वडील सरकारी कचेरीत. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले, त्याचा ताठा अजून तसाच. त्यात त्यांची नुकतीच भोपाळला बदली झालेली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत नाही. हेडमास्तर म्हणाले, "जाऊ द्या बाई, घरचा मामला आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळा सुटल्यावर तडक तिचं घर गाठलं.

"तुम्ही हिला बहस शिकवली," वडील म्हणाले. "बापासमोर जबान चालवते. आता बस झालं. हवं तर तिलाच विचारा."

मुलगी दारात उभी होती. मी विचारलं. ती खाली बघत, शांतपणे बोलू लागली: आईची तब्येत बरी नसते, तेव्हा बाबा भोपाळला गेल्यावर घर कोण बघणार; पत्र लिहिण्यापुरतं शिक्षण झालंच आहे; आणि फार शिकलेल्या मुलीला स्थळ मिळत नाही. तीन कारणं. एकही कच्चं नाही.

वडील खूश. "बघा, तिला स्वतःलाच पटलंय."

"छान," मी तिला म्हणाले. "आता तुझी बाजू सांग."

तिने मान वर केली.

"तिची कसली बाजू?" वडील म्हणाले. "जा, बाईंना चहा ठेव."

एरवी मी ताडकन निघाले असते. पण चहा घेऊन ती बाहेर येईल, तेव्हा तरी बोलेल म्हणून बसून राहिले. चहा घेऊन तिची आई आली.