शिरसाट मॅडमचं सोळावं शतक

शिरसाट मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या खडूच्या डब्याचं झाकण उघडायची खटपट करत होत्या. मी दारातूनच विचारलं, “इथे स्पॅनिश शिकवतात ना?”

त्यांनी मान वर न करता विचारलं, “कुठल्या शतकातलं?”

मला वाटलं, बॅचचा काही प्रकार असेल. मी म्हणालो, “संध्याकाळचं.”

मीरा रोडच्या शांती नगरमधल्या त्या क्लासच्या पाटीवर स्पोकन इंग्लिश, अबॅकस, मेहंदी आणि स्पॅनिश असं याच क्रमाने लिहिलं होतं. खाली फरसाणचं दुकान होतं, त्यामुळे वर्गात व्याकरणाला कायम तळणाचा वास यायचा. मालक पांडे सर स्वतः काहीच शिकवत नसत. ते फक्त ‘व्हिजन’ बघत. मी मीरा रोडच्याच एका कंपनीत परदेशी ग्राहकांच्या वीजबिलाच्या तक्रारी नोंदवायचो आणि मला इंग्रजी डेस्कवरून स्पॅनिश डेस्कवर जायचं होतं. त्या डेस्कला खिडकी होती. माझी ज्ञानलालसा एवढीच.

मॅडम मूळच्या नांदेडकडच्या. वडील मुंबईत पोस्टात होते, निवृत्त झाल्यावर जवळच गोडदेवला छोटा फ्लॅट घेऊन राहिले आणि त्यातच गेले. मॅडमनी स्पॅनिशमध्ये एम.ए. केलं ते मध्ययुग आणि प्रबोधनकाळ घेऊन. त्यानंतर शिष्यवृत्तीवर दोन वर्षं स्पेनमधल्या एका दफ्तरखान्यात काढली आणि परत येऊन पीएच.डी.ला बसल्या. बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं तर त्या प्रामाणिकपणे ‘मिडीव्हल’ म्हणायच्या, ऐकणाऱ्याला ‘मेडिकल’ ऐकू यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा गुडघ्याचा एक्स-रे आणून दाखवला. मॅडमनी तो उजेडात धरला, काळजीपूर्वक पाहिला आणि म्हणाल्या, “कागद चांगला टिकलाय. कधीचा आहे?”

त्यांचा प्रबंध सोळाव्या शतकातल्या एका लहानशा स्पॅनिश गावातल्या विधवांवर होता. या बायका न्यायाधीशाकडे अर्ज करायच्या, कुणी घरासाठी, कुणी खेचरासाठी. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून लेखनिक लिहायचा आणि लिहिताना आपल्या पदरची दीनवाणी भाषा भरायचा. प्रत्येक अर्जात लेखनिकाचं काय आणि बाईचं काय, हे शोधण्यात मॅडमची अकरा वर्षं गेली होती. “लेखनिक बाजूला करा,” त्या म्हणायच्या, “बाई तिथेच बसलेली असते.” त्यांच्या गाइडना मात्र विषय फार बारीक वाटे. दर वर्षी ते तो ‘थोडा मोठा’ करायला सांगत. एकदा म्हणाले, विधवा राहू द्या, संपूर्ण युरोप घ्या.

वर्गात आम्ही सात जण होतो. हॉटेलात खोली कशी मागायची हे आम्हाला हवं होतं, आणि मॅडम आम्हाला खेचर परत कसं मागायचं ते शिकवत. पांडे सर दारात येऊन हात जोडत. “मॅडम, इनको हॉटेल बुकिंग सिखाइए ना.”

“ते मोबाईल शिकवतो,” मॅडम म्हणायच्या. आम्ही कुरकुर केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असे: “घाई असेल तर फ्रेंच शिका.”

सहा महिन्यांनी मला खिडकीचा डेस्क मिळाला. पहिल्याच कॉलला मी घाबरून जे पाठ होतं तेच बोललो: ‘आपल्या कृपावंत हातांचे चुंबन घेऊन हा सेवक विचारतो की आपला ग्राहक क्रमांक काय?’ पलीकडच्या माणसाने बायकोला हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला आणि मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. त्या महिन्यात ग्राहकसेवेतली सर्वांत नम्र व्यक्ती म्हणून माझा फोटो लिफ्टशेजारी लागला.

मी हे मॅडमना आनंदाने सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, “त्याचं बिल कमी झालं का?” ते मी विचारलंच नव्हतं.

मॅडमच्या घरामागे गोडदेवच्या जुन्या वस्तीतली थोडी बैठी घरं उरली होती. तिथे हिराबाई राहायच्या. जन्मभर मिठागरावर राबलेल्या, आता एकट्या. त्या जागी टॉवर व्हायचा होता आणि नव्या इमारतीत कुणाला घर द्यायचं याची यादी लागली. यादीत हिराबाईंचं नाव नव्हतं. नाव का नाही विचारल्यावर हातात ठेवलेला कागद घेऊन त्या मॅडमकडे आल्या, कारण एवढे जुने कागद वाचणारी बाई हाही वाचेल असा त्यांचा साधा हिशेब होता.

ते एक निवेदन होतं. मॅडमनी आम्हाला ते वर्गात वाचून दाखवलं: ‘मी स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना घरावरील हक्क सोडीत असून गेली पाच वर्षे विरार येथे विवाहित मुलीकडे वास्त्यव्यास आहे.’ खाली अंगठा.

हिराबाई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. “नलाचा कागद हाय म्हनला बिल्डरचा मानूस, म्हनून आंगटा दिला. मना पोरगीच न्हाय, बाय. इरार कंचं नि काय कंचं.”

मॅडमनी वस्तीत फिरून यादीतून गळलेल्या आणखी सहा जणांचे कागद मिळवले. त्या आठवड्यात वर्गाला व्याकरण नव्हतं. आम्ही तिथे बसून प्रत्येक कागदावर लेखनिकाच्या शब्दांखाली लाल रेघा मारल्या. कागदांवरचे सातही जण स्वखुश होते. सातही जणांना विवाहित मुलगी होती आणि सातही मुली विरारला होत्या. ‘वास्त्यव्यास’ सातही ठिकाणी तसंच चुकलेलं. मॅडमचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. “काय आळशी लेखनिक आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या स्पॅनिश गावात याला कुणी कामावर ठेवलं नसतं.”

सातही जणांच्या नावाने मॅडमनी हरकतीचा अर्ज दिला आणि सुनावणी लागली. त्या दिवशी मी रजा टाकून गेलो. अधिकारी सज्जन पण थकलेले होते. त्यांनी विचारलं, “तुम्ही वकील?”

“नाही. मी सोळाव्या शतकावर काम करते.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग इथे कशा?”

“काम तेच आहे साहेब,” असं म्हणून मॅडमनी सातही कागद ओळीने मांडले आणि वीस मिनिटं बोलल्या. आवाज चढला नाही. शेवटी म्हणाल्या, “यात हिराबाईंचा फक्त अंगठा आहे. बाकी सगळा लेखनिक.”

बिल्डरचा एजंट जयेशभाई उठला. “साहेब, या टीचर आहेत. यांना कायद्यातलं काय कळतंय?”

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी हिराबाईंना विचारलं, “मावशी, तुम्ही राहता कुठे?”

“हितंच हाय,” हिराबाई म्हणाल्या. “कुटं जानार मी?”

कार्यालयातल्या लेखनिकाने तेवढं एक वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मॅडमनी वाकून खात्री केली. पुन्हा चौकशीचा आदेश निघाला आणि दोन महिन्यांनी सातही नावं यादीत आली.

पण क्लासची जागा जयेशभाईच्या मालकीची होती. सुनावणीनंतरच्या सोमवारी पांडे सर टाइप केलेला राजीनामा घेऊन वर्गात आले. खरोखर दुःखी दिसत होते. “मॅडम, मेरा व्हिजन ही खतरे में है. आप बस साइन कर दीजिए.”

मॅडमनी कागद वाचला, लाल पेन उचललं आणि ‘स्वखुशीने’वर रेघ मारली. वर लिहिलं, ‘जागेच्या मालकाच्या सांगण्यावरून’. मग सही केली, खडू डब्यात भरले आणि आमच्या समोरच्या उताऱ्याचा राहिलेला परिच्छेद पूर्ण करूनच उठल्या. फरसाणवाल्याने खाली त्यांना पापडी बांधून दिली. त्याचंही दुकान जयेशभाईच्याच जागेत होतं, त्यामुळे दिली ती इकडेतिकडे बघून.

वर्षभर त्या घरीच होत्या. त्या वर्षात प्रबंध संपला. गाइडसरांनी प्रस्तावनेत संपूर्ण युरोपचा एकदा उल्लेख करून घेतला आणि सही दिली. नंतर मॅडमना दक्षिणेतल्या एका विद्यापीठात जागा मिळाली. निघायच्या दिवशी आम्ही चौघे विद्यार्थी सामान उतरवायला गेलो होतो. हिराबाई सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन आल्या आणि तिथे काय खायला मिळतं याची त्यांनी सविस्तर चौकशी केली. आम्ही टेम्पोची दोरी पुन्हा पुन्हा आवळत राहिलो. टेम्पो गेल्यावर लक्षात आलं की निरोपाचं वाक्य त्यांनी शिकवलंच नव्हतं.

परवा कंपनीत एका म्हातारीचा कॉल आला. बिल समजत नाही, म्हणत होती. मला स्क्रीनवर फक्त प्रकार निवडायचा असतो: ‘माहितीचा अभाव’. मी त्याखाली तिचं वाक्यही लिहिलं: ‘बिल मला नवऱ्याने वाचून दाखवलं.’ सुपरवायझरने विचारलं, इथे कादंबरी लिहायचीय का? मी संध्याकाळी मॅडमना फोन करून ही हकिगत सांगितली. वाटलं, शाबासकी मिळेल.

“नवरा आहे तिचा?” त्यांनी विचारलं.

“नाही. गेल्या वर्षी वारला.”

“मग ‘दाखवलं’ कसं म्हणेल? कॉल रेकॉर्ड होतो ना तुमच्याकडे? परत ऐका.”

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून मी तो कॉल पुन्हा ऐकला. म्हातारी सावकाश, अगदी स्पष्ट बोलली होती. मी माझं वाक्य खोडलं आणि तिचं लिहिलं: ‘बिल मला नवरा वाचून दाखवायचा.’